चांदबीबीची तलवार आठवते, तिचा तह का आठवत नाही?

१/
निफाड तालुक्यातील सायखेडा हे गोदाकाठचे गाव. गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की सायखेड्याच्या पुलाला पाणी लागते आणि साऱ्या गावाचे लक्ष नदीकडे लागून राहते. हीच गोदावरी पुढे नांदूरमध्यमेश्वरावरून पैठणला आणि तिथून पाथरी-सोनपेठच्या मुलखात जाते. १५९७ च्या प्रारंभी याच नदीच्या काठी, त्या खालच्या मुलखात, दख्खनच्या तीन सुलतानांच्या फौजा आणि अकबराची फौज यांच्यात दोन दिवस घनघोर लढाई झाली. त्या तीन फौजा एकत्र याव्यात म्हणून झटलेली स्त्री अहमदनगरच्या किल्ल्यात बसून होती. तिचे नाव चांदबीबी.

२/
चांदबीबी म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे एकच चित्र उभे राहते: तटाला पडलेले भगदाड, चेहऱ्यावर नकाब, हातात नंगी तलवार. चित्र खोटे नाही, पण अपुरे आहे. त्या भगदाडात ती एक संध्याकाळ आणि एक रात्र उभी होती. त्याआधी आणि त्यानंतर मिळून वीस वर्षे ती दोन राज्यांच्या राजकारणात उभी होती. आणि १६०० मध्ये तिला जिवे मारले ते शत्रूने नव्हे, तिच्याच किल्ल्यातील माणसांनी. कारण तिने वाटाघाटीचा विचार मांडला होता. या थ्रेडचा विषय तो विचार आहे.

३/
प्रारंभ तिच्या घरापासून. जन्म साधारण १५५० चा. वडील अहमदनगरचे हुसेन निजामशाह पहिले, आई खुंजा हुमायून. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात ‘तारीफ-ए-हुसेनशाही’ या काव्याची सचित्र हस्तलिखित प्रत आहे. तिच्यातील चित्रांत राणी राजाच्या शेजारी, त्याच आसनावर बसलेली रंगवली होती. दख्खनी चित्रकलेत ही विरळा गोष्ट. पुढे कोणीतरी त्यांतील बहुतेक चित्रांवरून राणीची आकृती रंग फासून झाकून टाकली. चांदबीबीची ही आई. स्त्री गादीजवळ बसते आणि नंतर चित्रातून पुसली जाते, याचा दाखला या घराण्यात असा आधीपासूनच आहे.

४/
१५६५ मध्ये हुसेनशाह वारला. मुलगा मुर्तझा अल्पवयीन होता, म्हणून काही वर्षे खुंजा हुमायूनने कारभार पाहिला. शेवटी त्याच मुलाने सरदारांच्या साहाय्याने आईला कैद केले. राजमाता म्हणून मिळणारी सत्ता किती उसनी असते, सरदारांचा एक गट फिरला की ती कशी निसटते, हे चांदबीबीला माहेरच्या उदाहरणातूनच कळले असणार.

५/
तोवर चांदबीबीचे लग्न होऊन ती विजापुरास गेली होती. तालिकोटच्या लढाईपूर्वी (जानेवारी १५६५) विजयनगरविरुद्ध दख्खनच्या सुलतानांची जी आघाडी जमली, तिच्या अटींत हे लग्नही होते. चांदबीबी अली आदिलशाह पहिल्याला दिली गेली आणि आंदण म्हणून सोलापूरचा किल्ला विजापूरकडे गेला. अलीची बहीण मुर्तझाला दिली गेली. ज्या किल्ल्यासाठी दोन घराणी पिढीभर झगडली, तो एका मुलीच्या पाठवणीबरोबर हस्तांतरित झाला. चौदा-पंधरा वर्षांच्या चांदबीबीचा राजकारणात प्रवेश झाला तो तहातले एक कलम म्हणून.

६/
१५८० मध्ये अली आदिलशाहाचा खून झाला. त्याला मूल नव्हते. पुतण्या इब्राहिम गादीवर आला, तेव्हा त्याचे वय अवघे नऊ वर्षांचे. त्याच्या संगोपनाची आणि शिक्षणाची जबाबदारी चांदबीबीवर आली. कारभार मात्र सरदारांच्या हाती राहिला: आधी कामिल खान, मग किश्वर खान. दोघांनाही बालराजा हवा होता, बालराजाची काकू नको होती.

७/
किश्वर खानाने तर तिच्यावर माहेरशी, म्हणजे अहमदनगरशी, संधान बांधल्याचा आळ घेतला आणि तिला महालातून बळाने काढून साताऱ्याच्या किल्ल्यावर कैदेत धाडले. आजचा अजिंक्यतारा तो हाच. पुढे हबशी सरदार इखलास खानाच्या गटाने किश्वर खानाला पळवून लावले, तेव्हा तिची सुटका झाली. हा आळ नीट लक्षात ठेवावा. ‘ही शत्रूशी बोलते’ हे वाक्य तिच्याविरुद्ध पहिल्यांदा उच्चारले गेले ते विजापुरात. वीस वर्षांनी तेच वाक्य अहमदनगरात तिच्या मृत्यूचे कारण ठरले.

८/
दख्खनच्या दरबारांत तेव्हा तीन मोठे गट असत. दख्खनी, म्हणजे पिढ्यान्पिढ्या इथे रुजलेले मुसलमान सरदार. आफाकी, म्हणजे इराण-तुराणातून आलेले. आणि हबशी, म्हणजे पूर्व आफ्रिकेतून आणले गेलेले, पुढे फौजेत चढलेले. मराठा सरदारांचे बळही वाढत होते. विजापुरात या गटांची भांडणे रंगलेली असताना अहमदनगर आणि गोवळकोंड्याच्या फौजांनी शहराला वेढा दिला. भावाचीच फौज दारात आणि घरात सरदारांची यादवी, अशा स्थितीत चांदबीबीने विजापूरची बाजू सोडली नाही. माहेरशी संधान बांधल्याच्या आळाला याहून स्पष्ट उत्तर कोणते?

९/
१५८४ च्या सुमारास ती अहमदनगरला परतली. तिथे तिच्या डोळ्यांदेखत राज्याची वाताहत झाली. १५८८ मध्ये मुर्तझाला त्याच्याच मुलाने, मीरान हुसेनने मारले. वर्षभरात मीरान हुसेन मारला गेला. मग इस्माईल आला, दोन वर्षांत तोही गेला. बुऱ्हाण दुसरा १५९५ मध्ये वारला आणि त्याचा मुलगा इब्राहिम काही महिन्यांतच विजापूरकरांशी लढताना पडला. सात वर्षांत पाच कारकिर्दी संपल्या. मुर्तझा आणि बुऱ्हाण हे तिचे भाऊ, बाकीचे तिघे भाचे आणि त्याच कुळातले.

१०/
आता गादीवर हक्क सांगणारे चार गट झाले. मियाँ मंजू या दख्खनी सरदाराने अहमद नावाचा मुलगा गादीवर बसवला. पण तो निजामशाही कुळातला नसल्याचे लवकरच उघड झाले. हबशी सरदारांच्या एका गटाने मोती नावाचा दुसरा मुलगा पुढे केला. अभंग खानाने बुऱ्हाण पहिल्याचा वृद्ध मुलगा शाह अली याला आणले. चांदबीबी उभी राहिली ती मृत इब्राहिमच्या तान्ह्या मुलामागे, बहादुरामागे. हे बाळ त्या वेळी जुन्नरजवळच्या चावंड किल्ल्यावर कैदेत होते.

११/
हबशी गटाने कोंडीत पकडल्यावर मियाँ मंजूने जे केले ते दख्खनच्या इतिहासातील मोठ्या चुकांपैकी एक आहे. त्याने गुजरातेत असलेल्या शाहजादा मुरादला, अकबराच्या मुलाला, मदतीसाठी बोलावले. घरच्या भांडणात जिंकण्यासाठी साम्राज्याला दार उघडले. मोगल फौज येईपर्यंत मंजूने प्रतिस्पर्ध्यांवर मात केली आणि त्याला पश्चात्ताप झाला. पण निमंत्रण परत घेता येत नव्हते. अन्सार खानाच्या ताब्यात किल्ला देऊन तो मदत आणण्याच्या निमित्ताने विजापूरच्या सरहद्दीकडे निघून गेला.

१२/
चांदबीबीने ही संधी साधली. विश्वासातल्या मुहम्मद खानाकरवी तिने अन्सार खानाला ठार करवले, किल्ला ताब्यात घेतला आणि बहादुराच्या नावाची द्वाही फिरवली. हा प्रसंग गौरवगाथांतून बहुधा वगळला जातो, कारण तो ‘वीरांगने’च्या चित्रात बसत नाही. पण तिला राजकारणी म्हणून पाहायचे तर हाही पाहिला पाहिजे. तिने त्या काळातली साधने वापरली. ती साधने निर्मळ नव्हती आणि तिच्या हातात आल्याने ती निर्मळ झाली नाहीत.

१३/
डिसेंबर १५९५ मध्ये मुराद आणि खानखानान अब्दुर्रहीम अहमदनगरपुढे येऊन ठाकले. अहमदनगरचा किल्ला डोंगरी नाही, भुईकोट आहे. आधी मातीचा असलेला हा कोट दगडात बांधून काढला तो हुसेन निजामशाहाने, म्हणजे चांदबीबीच्या वडिलांनी. सपाट जमीन, भोवती खंदक आणि त्यामागे तट. उंचीचा आधार नसल्याने या किल्ल्याचे सारे बळ तटाच्या चिऱ्यांत होते. मोगलांनी म्हणूनच तट चढण्यापेक्षा तो खालून उडवण्याचा बेत केला.

१४/
त्यांनी तटाखाली पाच सुरुंग खणले आणि त्यांत दारू भरली. मोगल छावणीतील ख्वाजा मुहम्मद खान शिराझी याने ही बातमी आदल्या रात्री किल्ल्यात पोहोचवली. आतून खणत जाऊन दारू काढून घेण्याचे काम तत्काळ सुरू झाले. दोन सुरुंग निकामी झाले, तिसऱ्यावर काम चालू असतानाच त्याचा स्फोट झाला आणि तटाचा सुमारे पन्नास यार्डांचा भाग कोसळला. खणणारी माणसे दगडांखाली गाडली गेली. किल्ल्यातील अनेक सरदार पळण्याच्या बेतात होते.

१५/
प्रसिद्ध चित्र आहे ते या क्षणाचे. चिलखत घालून, चेहऱ्यावर नकाब घेऊन, हातात तलवार धरून चांदबीबी भगदाडात आली. पळू पाहणारे परतले. बाकीचे सुरुंग उडण्याची वाट पाहण्यात मोगलांचा वेळ गेला आणि तेवढ्यात आतल्यांनी तोफा, बाण, दारू, जे हाती लागेल ते भगदाडाशी आणले. संध्याकाळपर्यंत हल्ल्यामागून हल्ले झाले आणि सारे परतवले गेले. रात्रभरात तट पुन्हा माणसाहून उंच उभारला गेला. सकाळी मोगलांपुढे पुन्हा भिंत होती. फरिश्ता सांगतो की या पराक्रमानंतर लोक तिला चांदबीबीऐवजी चांद सुलताना म्हणू लागले.

१६/
गोळे संपल्यावर तिने तांब्याची, मग रुप्याची, मग सोन्याची नाणी आणि शेवटी दागिने तोफांत भरले, ही कथा दख्खनभर सांगितली जाते. ती कथा म्हणूनच सांगावी. पण लोकांना ती का सुचली हे समजण्यासारखे आहे. ज्या दरबारात प्रत्येक सरदार खजिना स्वतःकडे ओढत होता, तिथे खजिना तटासाठी रिता करणारे कोणी तरी असावे, ही लोकांची इच्छा त्या कथेत साठवलेली आहे.

१७/
गौरवगाथा बहुधा इथे थांबते. खरा राजकीय प्रसंग इथून सुरू होतो. तट उभा राहिला, पण किल्ल्यात धान्य किती दिवस पुरणार? बाहेर मोगलांचेही हाल होते: रसद तुटलेली, मुराद आणि खानखानान यांचे एकमेकांशी पटत नव्हते, आणि सुहैल खानाच्या हाताखाली विजापूरची मदत, गोवळकोंड्याच्या तुकडीसह, वाटेवर होती. ती मदत पाठवणारा इब्राहिम आदिलशाह दुसरा म्हणजे तिने वाढवलेला तोच नऊ वर्षांचा मुलगा, आता विशी ओलांडलेला सुलतान. दोन्ही बाजू थकलेल्या असतात ती वेळ बोलण्याची असते, आणि चांदबीबीने ती ओळखली.

१८/
१५९६ च्या प्रारंभी तह झाला. वऱ्हाड मोगलांना द्यावा, मोगलांनी वेढा उठवावा आणि बहादुराला अहमदनगरचा निजामशाह म्हणून मान्यता द्यावी, असा त्याचा सारांश. वऱ्हाड हा निजामशाहीचा मूळ मुलूख नव्हता. इमादशाही बुडवून मुर्तझाने तो १५७४ मध्ये जिंकला होता. म्हणजे चांदबीबीने बावीस वर्षांपूर्वी मिळवलेला प्रांत देऊन घर वाचवले, आणि तेही अकबराच्या मुलाकडून आपल्या उमेदवाराला मान्यता मिळवून. बाकीचे तीन दावेदार त्या एका कलमाने निकालात निघाले.

१९/
या तहावर आक्षेप घेता येतो आणि तो घ्यायलाही हवा. वऱ्हाड मिळाल्याने मोगलांना दख्खनमध्ये कायमचे ठाणे मिळाले. तिथूनच त्यांनी पुढचा मुलूख गिळला. तहाची शाई वाळण्याआधीच त्यांनी वऱ्हाडच्या हद्दीबाहेरच्या पाथरीवर हक्क सांगितला. पण दुसरा पर्याय कोणता होता? वेढा लांबला असता तर सुहैल खान वेळेवर पोहोचला असता की किल्ल्यातील सरदार त्याआधीच फुटले असते? सरदार फुटतात हे तिने विजापुरात आणि अहमदनगरात डोळ्यांनी पाहिले होते. तिने जे दिले त्याच्या बदल्यात चार वर्षे मिळाली. पाच कारकिर्दी सात वर्षांत संपलेल्या राज्याला चार वर्षांचा उसंत थोडा नव्हता.

२०/
बहादुराला चावंडहून आणून गादीवर बसवले गेले. मुहम्मद खान पेशवा झाला आणि लवकरच त्यानेही सारी सत्ता आपल्याकडे ओढली. चांदबीबीने पुन्हा इब्राहिमकडे मदत मागितली. सुहैल खान आला, मुहम्मद खान हटला, अभंग खान पेशवा झाला. तिकडे पाथरीच्या प्रश्नावरून मोगलांशी युद्ध पेटले आणि विजापूर, गोवळकोंडा, अहमदनगर यांच्या फौजा सुहैल खानाच्या नेतृत्वाखाली गोदावरीकाठी एकत्र आल्या. थ्रेडच्या आरंभी आलेली लढाई ती हीच. खानदेशचा राजा अली खान मोगलांच्या बाजूने लढताना पडला. मैदान शेवटी खानखानानच्या हाती राहिले.

२१/
पुढची तीन वर्षे हळूहळू फास आवळत गेला. मुराद १५९९ मध्ये दारूच्या व्यसनाने मेला. त्याच्या जागी शाहजादा दानियाल आला आणि खुद्द अकबर बुऱ्हाणपुरास येऊन बसला. इकडे अभंग खानाने बालराजाला आपल्या मुठीत घेण्याचा घाट घातला. चांदबीबीने किल्ल्याचे दरवाजे त्याच्यासाठी बंद केले, तेव्हा आपल्याच राज्याच्या पेशव्याने आपल्याच राजाच्या किल्ल्याला वेढा दिला. मोगल जवळ आल्यावर तो घाट अडवायला गेला, आणि न लढताच जुन्नरकडे निघून गेला.

२२/
१६०० च्या पावसाळ्यात अहमदनगर एकटे पडले. या वेळी विजापूरहून फौज येणार नव्हती. चांदबीबीने किल्ल्यातील अधिकारी हमीद खान याच्यापुढे आपला विचार मांडला: शिबंदीच्या जिवाची आणि मालमत्तेची हमी घेऊन किल्ला सोडावा, बालराजाला घेऊन जुन्नरला जावे आणि तिथून पुढची वेळ पाहावी. राजा, माणसे आणि खजिना हाती राहिला तर राज्य राहते. तट गेला तर फक्त तट जातो, असा या विचाराचा अर्थ होता.

२३/
हमीद खान हे ऐकून बाहेर धावला आणि चांदबीबी किल्ला मोगलांना विकते आहे, असे ओरडत सुटला. जमाव जमला, महालात घुसला आणि त्याने तिला ठार केले. चार वर्षांपूर्वी याच किल्ल्याचे भगदाड तिने अडवले होते. तरीही तिच्यावर फितुरीचा आरोप ठेवायला एका अधिकाऱ्याची आरोळी पुरेशी झाली. कोणी चौकशी केली नाही, कोणी तहाच्या अटी विचारल्या नाहीत. विजापुरातील जुना आळ इथे पूर्ण झाला.

२४/
त्यानंतर काय झाले हे चांदबीबीच्या बाजूने बोलणारे सर्वांत मोठे प्रमाण आहे. मोगलांनी सुरुंग उडवले आणि ऑगस्ट १६०० मध्ये किल्ला घेतला. बोलणी न केल्याने शिबंदीला हमी मिळाली नाही. मोठी कत्तल झाली. बहादुर निजामशाह कैद होऊन ग्वाल्हेरच्या किल्ल्यात गेला. म्हणजे तिच्या योजनेत फक्त किल्ला जाणार होता. तिला मारणाऱ्यांच्या शौर्याने किल्लाही गेला, राजाही गेला आणि माणसेही गेली.

२५/
निजामशाही मात्र संपली नाही, आणि ती कशी टिकली हे पाहावे. मलिक अंबर या हबशी सरदाराने त्याच वर्षी परांड्याला निजामशाही कुळातील मुर्तझा दुसरा याला गादीवर बसवले. पुढे राजधानी जुन्नरला गेली, मग दौलताबादकडे. शहर गमवावे, राजा आणि फौज हलती ठेवावी, वेळ पाहून तह करावा, वेळ पाहून मोडावा, या धोरणावर अंबराने पाव शतक मोगलांना झुंजवले. जमावाने जो विचार फितुरी ठरवला होता, तोच पुढे राज्याचे धोरण झाला. फरक इतकाच की तो मांडणारी आता हयात नव्हती.

२६/
दौलताबाद १६३३ मध्ये पडल्यावर शहाजीराजांनीही हीच वाट धरली. संगमनेरजवळच्या पेमगिरीवर त्यांनी निजामशाही कुळातील एक बालक गादीवर बसवले आणि नाशिक, त्र्यंबक, संगमनेर, जुन्नर हा मुलूख ताब्यात ठेवून १६३६ पर्यंत मोगल व आदिलशाहीच्या संयुक्त फौजांना तोंड दिले. गोदाकाठचा नाशिकचा पट्टा या झगड्याच्या ऐन मुलखातला. बालराजाच्या नावाने दख्खनचे राज्य राखण्याचा जो प्रयोग चांदबीबीने केला, त्याचे शेवटचे आवर्तन इथल्या डोंगरांत झाले.

२७/
आता वारशाकडे. अहमदनगर, म्हणजे आताचे अहिल्यानगर, येथे डोंगरावर ‘चांदबीबीचा महाल’ आहे. सहली जातात, छायाचित्रे काढली जातात. वस्तुतः ती वास्तू सलाबत खान दुसरा या निजामशाही वजिराची कबर आहे. तिच्या नावाची वास्तू तिची नाही, आणि जिथे ती खरोखर लढली व मेली त्या भुईकोटात लोकांना तिच्याऐवजी पंडित नेहरूंची कोठडी आठवते. १९४२ ते १९४५ या काळात नेहरू तिथे कैदेत होते. तिथे लिहिलेल्या ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’त मात्र त्यांनी चांदबीबीची आठवण काढली आहे.

२८/
चित्रकारांनी तिला घोड्यावर, हातावर ससाणा घेतलेली रंगवली. मेडोज टेलरने १८७८ मध्ये तिच्यावर कादंबरी लिहिली. पाठ्यपुस्तकांनी तिला दोन ओळींची वीरांगना केले. या सर्वांत तिचे शौर्य आहे, तिची बुद्धी नाही. ‘पुरुषासारखी लढली’ हे वाक्य गौरवाचे वाटते. पण ते स्त्रीला इतिहासात प्रवेश देते तो फक्त तलवारीच्या दारातून. पहिली मुस्लिम राज्यकर्ती स्त्री ती नव्हे. रझिया तिच्या साडेतीनशे वर्षे आधी दिल्लीच्या तख्तावर बसली होती. चांदबीबीचे वेगळेपण असे की स्वतः कधीही गादीवर न बसता तिने विजापूर आणि अहमदनगर या दोन राज्यांचे भवितव्य हाताळले.

२९/
आज तिच्यावर हक्क सांगणारे अनेक आहेत. कोणी तिला एका समाजाच्या अभिमानाचे चिन्ह करतो, कोणी केवळ मोगलविरोधाचे. दोन्ही मापे तिला लहान पडतात. तिच्या बाजूला आणि तिच्या विरुद्ध उभे राहिलेले दख्खनी, हबशी, इराणी बहुतेक तिच्याच धर्माचे होते, तिला मारणारेही. हा राज्य टिकवण्याचा झगडा होता आणि तो तसाच वाचला पाहिजे. ज्या जिल्ह्यात चौंडीला अहिल्याबाई होळकर जन्मल्या, त्याच जिल्ह्यात चांदबीबीही जन्मली. एकीचे नाव घेण्यासाठी दुसरीचे पुसावे लागत नाही.

३०/
इतिहासाची आवड असणाऱ्या तरुण वाचकाने यातून एक सवय घ्यावी. बखरीत, तवारिखेत किंवा समाजमाध्यमावर कोणाला ‘फितूर’ म्हटलेले दिसले की तीन गोष्टी तपासाव्यात: हा शब्द कोणी उच्चारला, त्या माणसाचे नेमके मत काय होते, आणि त्याला दूर सारल्यावर प्रत्यक्ष काय घडले. चांदबीबीच्या बाबतीत तिन्हींची उत्तरे एकाच बाजूस झुकतात. तलवार उचलायला धैर्य लागते हे कोणीही मान्य करील. उन्मत्त जमावापुढे ‘आता बोलणी करू’ म्हणायला जे धैर्य लागते, त्याचे स्मारक अजून कोणी उभारलेले नाही.

३१/
सायखेड्याच्या पुलावर उभे राहून पूर पाहणाऱ्यांना एक गोष्ट ठाऊक असते. पाणी चढू लागले की घराला कवटाळून बसणारा शूर ठरत नाही. मुले, जनावरे आणि धान्य घेऊन वेळेवर उंचावर जाणारा शहाणा ठरतो, आणि पाणी ओसरल्यावर गाव पुन्हा वसवतो तोच. १६०० च्या त्या पावसाळ्यात चांदबीबी आपल्या माणसांना एवढेच सांगत होती.